चिक्कीचा खडक

सगळ्या नगर जिल्ह्यात काळ्या खडकाला नावं ठेवणारं माणूस एकच आहे, आणि ती माझी मावससासू आहे. आमचा जिल्हा या खडकावर बसलेला आहे. विहीर खणताना तोच लागतो, रस्त्यासाठी डोंगर फोडताना तोच लागतो, जातं त्याचं, पाटा त्याचा, गोठ्याचा उंबरा त्याचा. माणसं त्याच्यावर जेवढा भरवसा ठेवतात तेवढा सख्ख्या भावावर ठेवत नाहीत. मावशी मात्र त्याच्याविषयी, बसून खाणाऱ्या पाहुण्याविषयी बोलावं तसं बोलतात. "त्यानं केलं काय?" त्या विचारतात. "जमिनीतून तापलेला रस आला, पसरला आणि थिजला. यात कष्ट कुठं आहेत?" त्यांचा जीव जडलाय तो वेगळ्या दगडांवर. फुटक्या दगडांचे तुकडे, वाळू, गाळ, मेलेल्या प्राण्यांचे शिंपले, कुजलेली झाडं हे सगळं पाण्याखाली थरावर थर साचत जातं, वरच्या ओझ्यानं दबतं, मधल्या फटींत चुना मुरतो आणि कधीतरी त्याचा दगड होतो. असे दगड आमच्याकडे फारसे नाहीत. म्हणजे मावशींनी प्रेम केलं तेही गावात नसलेल्या माणसावर केल्यासारखं.

मावशी सोनईच्या बाजूच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारलं तर "वेळ झाला नाही" एवढंच सांगतात, आणि ते खरं असावं, कारण त्यांच्या सुट्ट्या नदीकाठी गेल्या. नेवासे तालुक्यात प्रवरेच्या काठावर त्यांचं माहेरचं गाव आहे. तिथल्या बौद्ध वस्तीत धाकट्या भावाच्या घराला लागून त्यांच्या दोन खोल्या आहेत. भावाला आम्ही मामा म्हणतो. बारीक अंगाच्या, पांढरी साडी, पायात पुरुषी बूट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत कायम एक लिंबू, अशा मावशी वाटेनं निघाल्या की ओळखीची माणसं आधी लिंबाकडे बघतात. हे लिंबू सरबतासाठी नसतं. दगडावर त्याचे थेंब पाडायचे आणि कान लावायचा. आत चुना असला तर रस बारीक फसफसतो. तो आवाज ऐकताना मावशींच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ते मी इतर बायकांच्या चेहऱ्यावर नातवाचं रडणं पहिल्यांदा ऐकताना पाहिलं आहे.

त्यांना घरी बोलावणं हे धोक्याचं काम आहे. आमच्या नव्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या बायकोनं स्वयंपाकघराचा ओटा पुसून आरशासारखा ठेवला होता. ओटा कडप्प्याचा. मावशींनी पाणीसुद्धा मागितलं नाही. लिंबू कापलं, ओट्यावर पिळलं आणि वाकून म्हणाल्या, "बोलतोय बघ. हा तुझ्या जन्माआधी समुद्राच्या तळाचा चिखल होता." चिखल होता की नाही हे आम्हाला कळलं नाही, पण तिथं पांढरा डाग पडला तो पडलाच. माती त्या जिभेवर घेतात. दातांखाली कचकचली तर गाळ, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती. एकदा राहुरीला एका लग्नात आहेराच्या रांगेत उभ्या असताना त्यांनी मांडवाच्या खड्ड्यातली चिमूटभर माती तोंडात टाकली. मागच्या बाईनं घाबरून विचारलं, "बाई, जेवायला अजून येळ हाय, भूक लागली का?" मावशी म्हणाल्या, "भूक नाही, कचकच आहे."

सगळ्यात कठीण प्रसंग माझ्या मेहुणीच्या लग्नाच्या बोलणीचा. स्थळ सावेडीतलं, घर मोठं, दिवाणखान्यात राजस्थानातून आणलेली पिवळी फरशी. मुलाचे वडील मोजकं बोलणारे, चष्म्यावरून बघणारे गृहस्थ होते. चहा आला, मुलगी बसली, पहिला प्रश्न विचारला गेला आणि मावशी खुर्चीवरून खाली फरशीवर बसल्या. मग ओणव्या झाल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, "बाई गं! केवढी मयतं ही!" दिवाणखान्यात कुणाचा कप वाजेना. मुलाचे वडील म्हणाले, "कुठं?" "इथं, तुमच्या पायाखाली. अख्खा हॉल भरलाय." माझ्या बायकोनं माझ्या मनगटात नख रुतवलं. लग्नाच्या बोलणीत हा शब्द निघाल्यावर पुढं काय होतं ते मी पाहिलेलं आहे, लोक सुपारीची तबकं परत आत नेतात. मावशींना त्याचं भान नव्हतं. त्या बोट फिरवून दाखवत होत्या: ही बघा शिंपल्याची कड, हा शंख मधोमध कापला गेलाय, हे जगले, मेले, तळाशी पडले, त्यांच्यावर दुसरे पडले, त्यांच्यावर तिसरे, आणि आता तुम्ही त्यांच्यावर सोफा ठेवलाय. वडिलांचा चेहरा उतरत चालला होता. इतक्यात आतल्या दारातून मुलाची आजी आली, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत खाली बसली आणि म्हणाली, "मला दिसंना, नीट दाखव की." दोघी फरशीभर रांगत राहिल्या. लग्न झालं, पण आम्ही घरी आलो तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटलेला होता.

मावशींच्या घरातली एक भिंत बाटल्यांची आहे. प्रत्येक बाटलीत कुठल्या तरी पुराचं गढूळ पाणी. ती हलवून ठेवली की आधी खडे बसतात, त्यावर वाळू, त्यावर गाळ, आणि वरचं पाणी निवळायला दिवस लागतात. हे निवळणं चालू असताना घरात कुणी जोरात चालायचं नाही. पाहुणे चवड्यांवर चालतात, चहा ढवळताना चमचा कपाला लागू देत नाहीत. एकच माणूस मुद्दाम टाचा आपटत येत असे. मामा रोज सकाळी चहाला यायचे, बाटल्यांच्या फळीकडे बघून विचारायचे, "आक्का, निजली का तुजी नदी?" आणि तिथून भांडण सुरू व्हायचं. मामांचं मत ठरलेलं होतं: "खडक म्हंजे काळा. बाकी समदी माती." मावशी म्हणायच्या, "अरे, राजूरकडच्या डोंगरात दगड फुटतो, कोपऱ्या-कोपऱ्यांचा असतो. प्रवरा त्याला लोळवत लोळवत इथवर आणते तोवर त्याचा गोटा होतो. असे गोटे साचतात, त्यांच्यात चुना मुरतो, शिंपले अडकतात, झाडाची मुळं कुजून जातात आणि मुळांच्या जागी चुन्याच्या नळ्या उभ्या राहतात. आपल्या काठाला बघ की." मामा म्हणायचे, "बगितलं. त्याला गोटे म्हंत्यात." मावशी शाळेत असल्यासारख्या शुद्ध बोलतात, पण राग आला की त्यांची भाषा घरी परत येते. "तुला शिकवून माजी अक्कल गेली, बाप्या!" इथपर्यंत आलं की चहा संपलेला असे. शेजारी त्या आवाजावरून घड्याळ लावत. मामा उठून जाताना शिट्टी वाजवत जात, आणि मावशी त्यांच्या पाठमोऱ्या टोपीकडे बघत गालात हसत. आम्ही सगळे याला भांडण म्हणत होतो.

मामांच्या मनात फार वर्षांपासून एक गोष्ट होती. वस्तीतला बुद्धविहार म्हणजे पत्र्याची एक खोली. उन्हाळ्यात आत बसवत नाही आणि पावसाळ्यात वंदनेचे शब्द ऐकू येत नाहीत. मामांना नदीकडं तोंड करून पक्का विहार बांधायचा होता. आत बसल्यावर दारातून प्रवरेचं पात्र दिसलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी काठावरचा आपल्या शेताचा तुकडा दिला. वस्तीतली बरीच माणसं ऊसतोडीला जातात. ती कारखान्यांवरून परत आली की मधल्या दिवसांत आपल्या हातांनी काम करायचं, असं ठरलं. मामांच्या छातीत एका हिवाळ्यात कळ आली होती. त्याबद्दल ते बोलत नसत, पण "यंदा झालं पायजे" हे वाक्य त्यांच्या तोंडी तेव्हापासून आलं.

त्यानंतरच्याच उन्हाळ्यात कॉलमचे खड्डे घेतले. कमरेइतकं खोल गेल्यावर सगळीकडे पहारी ठणठणू लागल्या. गवंडी सोनईकडचा, हातचं काम चोख असलेला माणूस. त्यानं खड्ड्यात उतरून थापीच्या मुठीनं ठोकलं, कान लावला आणि वर बघून म्हणाला, "खडक लागला. आता हालत न्हाई. पेढे आना." आमच्या भागात याच्यापुढं बोलणं नसतं. खडक लागला म्हणजे तो खाली पार पाताळापर्यंत आहे असं धरलं जातं, कारण काळा खडक तसाच असतो. शिवाय लागलेला खडक फोडायचा नाही, त्याला भेग गेली की पाया गेला, हे इथला प्रत्येक गवंडी शिकतो. पेढे आले. बायकांनी एकमेकींच्या तोंडात भरवले. मामा एकटेच थोडे लांब जाऊन नदीकडं तोंड करून उभे राहिले होते.

मावशी पेढा हातात धरून खड्ड्यात उतरल्या. दुसऱ्या हातानं लिंबू पिळलं. तळ फसफसला. वर आल्या, पेढा तसाच गवंड्याच्या हातात ठेवला आणि भावाकडं वळून म्हणाल्या, "बापू, ही चिक्की आहे." लोक हसले. मावशी हसल्या नाहीत. "गोटे म्हणजे शेंगदाणे, चुना म्हणजे गूळ. वडी कडक आहे, पण वडीच आहे. तिच्याखाली काय आहे ते बघितल्याशिवाय वर इमारत चढवू नको." मामा म्हणाले, "आक्का, आज तरी गप." मावशी म्हणाल्या, "पात्रातून वर बघ. या थराच्या खालच्या अंगाला खंड्याची बिळं आहेत. खंड्याला चोच असते, पहार नसते. तो खडकात घर करत नाही. खाली वाळू आहे आणि ती पुरात निघून चाललीय." यावर गर्दीतून कुणी तरी म्हणालं, "पाखराच्या बिळापायी इहार हालवायचा व्हय?" आणि तो दिवस तिथंच संपला. दुसऱ्या दिवसापासून मामांनी सकाळचा चहा आपल्या घरी घेतला.

काँक्रीटचा दिवस ठरला. सकाळी माझ्या बायकोला तिच्या मामीचा फोन आला. मामी रडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या, दबक्या आवाजात बोलत होत्या, आणि त्यामुळं बायको जास्त घाबरली. मावशी खड्ड्यात बसल्या होत्या आणि उठत नव्हत्या. बायको मला म्हणाली, "तुम्ही जा. तुमच्यासमोर ती मोठ्यानं बोलत नाही." मी नगरहून निघालो.

पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मिक्सर चालू होता आणि त्यात नुसतं पाणी फिरत होतं. खडीच्या ढिगावर, सिमेंटच्या गोण्यांवर माणसं बसली होती. घमेली पालथी पडलेली. नुसती बोलणी चालू होती आणि ती मी गेल्यावर थांबली. नदीच्या बाजूच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात मावशी गोणपाटावर मांडी घालून बसल्या होत्या, डोक्यावर काळी छत्री, शेजारी एक पहार. गवंडी बाजूला विडी विझवत होता. मला म्हणाला, "पाव्हनं, तुमी शिकलेले. सांगा बाईंना. भाड्याचा मिक्सर किती येळ नुसता फिरवायचा? आन माज्या हातानं लागलेला खडक मी फोडनार न्हाई. आजवर फोडला न्हाई." मामा कडुलिंबाच्या झाडाखाली पाठ करून उभे होते. पांढरा सदरा, इस्त्रीचा. त्या दिवसासाठी घातलेला.

एक म्हातारी खड्ड्याच्या काठावर येऊन म्हणाली, "बाई, माजा ल्योक दसऱ्याला कोयता घिऊन जाईल. मंग कोन बांधनार? पुढल्या साली मी असंन का न्हाई?" मावशींनी छत्री बाजूला करून तिच्याकडं पाहिलं. "आत्याबाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही आत बसाल आणि पूर येईल, तेव्हा?" "आला तर आला. आजवर कवा आला इथवर?" "वर नाही येणार. खालून येईल." म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मागून एक बाई म्हणाली, "शिकली, पर इहाराच्या आडवी आली." ते वाक्य खड्ड्यात नीट पोचलं. मावशींनी छत्री पुन्हा डोक्यावर घेतली.

मी खड्ड्याच्या काठावर टेकलो. मावशी म्हणाल्या, "जावई, तुम्ही उगीच आलात उन्हात." मी विचारलं, "खाली पोकळ आहे हे नक्की ना?" त्यांनी छत्री माझ्या बाजूला कलती केली. मग आवाज इतका खाली आणला की मला वाकावं लागलं. "नक्की कसं असेल? बिळं नदीच्या अंगाला दिसतात. आतवर वाळू किती गेलीय, या खड्ड्याखाली काय आहे, ते वरून कुणाला कळणार? कदाचित इथं थर जाडही असेल." "आणि नसेल पोकळ तर?" "तर मी विहाराचा पाया फोडला." त्यांनी पहारीवरची माती अंगठ्यानं पुसली. "इथं मी जन्मले, जावई. हे लोक पुन्हा माझ्याशी बोलणार नाहीत. बापू तर नाहीच. पण न बघता कसं उठू?" खड्ड्याच्या भिंतीत त्यांच्या खांद्याशी एक पांढरा शंख रुतलेला होता. एरवी त्यांनी तो मला दहा मिनिटं समजावून सांगितला असता. आज त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

मी उठून मामांकडे गेलो आणि एवढंच म्हणालो, की एका ठिकाणी फोडून बघितलं तर शंका तरी जाईल. मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिनं लहानपनी मला पाठीवर घिऊन नदी ओलांडली. तिचं समदं ऐकलं. शाळा ऐकली, दगड ऐकले, बाटल्या ऐकल्या. ह्ये एकच माजं हुतं." मग ते ताडकन वळले आणि खड्ड्याकडं चालू लागले. चालताना त्यांनी सदरा काढून मामींच्या हातात दिला.

"आक्का, सरक."

मावशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मामा खाली उतरले. पहार उचलून म्हणाले, "फोडतो. पर ऐक. खाली खडकच निघाला तर या जाग्यावर परत पाय ठिवायचा न्हाई तू. इहारात बी न्हाई."

"नाही ठेवणार," मावशी म्हणाल्या.

गवंड्यानं तोंड फिरवलं. मिक्सर कुणी तरी बंद केला, तेव्हा कळलं की तो किती मोठ्यानं वाजत होता. मामांनी पहिला घाव घातला. पहार ठणकन उलटली. दुसऱ्या घावाला चुन्याचा कपचा उडाला, तिसऱ्याला एक काळा गोटा सुटून बाहेर आला. त्यानंतर मोजण्यासारखं काही राहिलं नाही. मामा घाव घालत होते, थांबून दम खात होते, पुन्हा घालत होते. काठावरून दोन-तीन जवान माणसं पुढं झाली. "मामा, द्या इकडं." "कुनी हात लावायचा न्हाई," मामा ओरडले. मामी नुसत्या म्हणत होत्या, "अवो, गोळी घेतली का सकाळची? अवो, गोळी." वीतभर खोल गेलं तरी पहार ठणठणतच होती. लोकांच्या चेहऱ्यांवर हळूहळू सुटका दिसू लागली, आणि तितकीच मावशींच्या चेहऱ्यावरची रया जाऊ लागली. गवंडी माझ्याजवळ येऊन समजुतीच्या सुरात म्हणाला, "बगा. म्यां म्हनलं हुतं." खड्ड्यात मावशींनी छत्री मिटली, पिशवी खांद्याला लावली आणि वर चढायला जागा बघू लागल्या.

पुढच्या घावाचा आवाज वेगळा आला. ठण नव्हे, मडक्यावर मारल्यासारखा. मामा थांबले. त्यांनी वर, काठावरच्या माणसांकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं नाही. मग पहार दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन खाली आणली. ती थरातून आरपार गेली आणि त्यांच्या हातांतून निसटली. एवढी लांब लोखंडी पहार आमच्या डोळ्यांसमोर जमिनीत नाहीशी झाली. मामा तोल जाऊन पुढं गेले तेव्हा मावशींनी मागून त्यांचं बनियन मुठीत धरलं होतं. बनियन टरकलं, पण मामा तिथंच थांबले.

भोकातून गार, ओलसर हवा वर येत होती. इतक्या उन्हात ती काठावर बसलेल्यांनाही जाणवली. गवंडी खाली उतरला, पालथा पडला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि मुठीत ओली वाळू घेऊन बाहेर काढला. ती त्याच्या बोटांतून सुटून पडली. "मोकळंच हाय," तो म्हणाला. "माजा हात हवंत फिरतुया." मघाची ती बाई दुसरीकडं बघू लागली.

मामा खड्ड्यात खाली बसले. मावशी त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. मी मनात धरून चाललो होतो की आता त्या थराचं सांगतील, वाळू कशी वाहून गेली ते सांगतील. त्या म्हणाल्या, "बाप्या, हात दाखव." मामांनी तळवे उघडले. दोन्ही सोललेले होते. मावशींनी पदराचं टोक ओलं करून ते पुसले. मामा म्हणाले, "नदी दिसली असती, आक्का." "हो रे," मावशी म्हणाल्या. "दिसली असती."

विहार झाला. तो वर, रस्त्याच्या कडेला झाला, जिथं काळा खडक आहे. जागा हलवण्यात दिवस गेले, माणसं कोयते घेऊन गेली, पुढच्या उन्हाळ्यात परत आली आणि मग स्लॅब पडला. या वेळी गवंड्यानं पेढ्यांचं नाव काढण्याआधी स्वतःच खडक फोडून बघितला आणि मावशींना बोलावून दाखवला. मावशींनी मान हलवली तेव्हा कुठं काँक्रीट पडलं. इमारत चांगली आहे. दारातून रस्ता दिसतो, उसाच्या ट्रॉल्या जाताना दिसतात. लोकार्पणाच्या दिवशी मामांनी पहिली मेणबत्ती बहिणीच्या हातात दिली. पुरात खड्ड्यांचा तो काठ पडला की नाही, हे बघायला वस्तीतलं कुणी नदीवर गेलं नाही. त्याची गरज उरली नव्हती.

मावशींचा मान एकदम वाढला. आता घर बांधणारा माणूस आधी त्यांच्याकडं येतो. त्यांनी लिंबू काढलं की लोक हसत नाहीत, श्वास धरून ऐकतात. त्यांनी माती तोंडात टाकली की म्हाताऱ्या विचारतात, "काय म्हनती?" मावशींना याचा आनंद होईल असं आम्हाला वाटलं होतं. त्या मात्र माणसं गेली की दार लावून घेतात. बायकोला एकदा म्हणाल्या, "हे काहीच विचारत नाहीत गं. नुसतं मानतात."

मामा पुन्हा सकाळच्या चहाला येऊ लागले आहेत. मागच्या महिन्यात मी तिथं होतो. मामा अलगद आले, बसले, बशीत चहा ओतून पिऊ लागले. मावशी काही तरी सांगत होत्या, प्रवरेच्या गाळाविषयी. मामा म्हणाले, "व्हय." त्यांनी आणखी सांगितलं. मामा म्हणाले, "बराबर हाय." मावशींनी आपला कप खाली ठेवला. मग स्वच्छ, शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "आणि तो तुझा काळा खडक आहे ना बापू, तोही पाण्याखाली गाळ साचूनच झालाय."

मी चमकून वर पाहिलं. मावशींनी माझ्याकडं बघून डोळ्यांनीच गप्प केलं आणि त्या भावाच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

मामांनी बशी संपवली. "असंल, आक्का," ते म्हणाले. "तुला ठावं."

मावशींनी त्यांच्या बशीत न विचारता अजून चहा ओतला. मग त्या म्हणाल्या, "बाप्या, एकदा तरी न्हाई म्हन की रं."

मामा बशीवर फुंकर घालत राहिले.

"उद्या म्हंतो," ते म्हणाले.